धबधबे पचमढीचे, नळ इंदूरचा

पहिला दिवस : इंदूर ते पचमढी

इंदूरच्या माणसाला धबधब्याचं अप्रूप नाही. पावसाळ्यातल्या रविवारी पातालपाणी, तिंछा, चोरल यांपैकी कुठेतरी अर्धं शहर असतं आणि उरलेलं अर्धं त्यांच्या मागे ट्रॅफिकमध्ये अडकलेलं असतं. पण हा सगळा खेळ पावसाळ्यापुरता. दिवाळीचे लाडू संपेपर्यंत पातालपाण्याची धार बारीक होते आणि पुढे नुसता काळा कडा उरतो. त्यामुळे कोजागिरी झाल्यावर ‘धबधबे बघायला चाललोय’ म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी सरळ विचारलं, “आता? पाणी कुठलं मिळायला?”

पाणी पचमढीला होतं. तेही भरपूर.

आम्ही पाच जण. मी, हे, अकरावीतली लेक, माझे सासरे आणि रामबागेतल्या आत्या, म्हणजे ह्यांच्या आत्या, सासऱ्यांची धाकटी बहीण. सासऱ्यांना सगळं लोकमान्य नगर अण्णा म्हणतं. अण्णा पीएचईतून, म्हणजे सरकारी पाणीपुरवठा खात्यातून, निवृत्त झालेले. नोकरीचा बराचसा काळ त्यांनी नर्मदेवरच्या जलूदच्या पंपिंग स्टेशनवर काढला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पचमढीत गाईड एकच घ्यावा लागतो, आमच्याकडे दोन होते.

गाडी उजाडायच्या आत निघाली. देवास, सोनकच्छ, आष्टा. डोडीला चहा. चहाबरोबर पोहे आले, त्यावर आत्यांनी पर्समधून जिरावनची, म्हणजे पोह्यावरच्या इंदुरी मसाल्याची, पुडी काढून भुरभुरली. इंदूरच्या बाहेरचे पोहे आत्यांना बिनकुंकवाचे वाटतात. भोपाळमध्ये न शिरता बाहेरूनच औबेदुल्लागंज गाठलं. भीमबेटकाची पाटी दिसल्यावर लेकीने गाडी आत वळवायचा हट्ट धरला. तो मोडून काढावा लागला. ती गुहाचित्रं वाटेत तासाभरात उरकण्यासारखी नाहीत; त्यासाठी वेगळा दिवस काढू.

बुधनी मागे पडलं आणि नर्मदेचा पूल आला. आत्यांनी काच खाली करून रुपया टाकला, हात जोडले. अण्णांनीही जोडले, पण त्यांचं ‘नमामि देवि’ संपलं की लगेच खातं सुरू होतं.

“आत्ता पुलाखालून जे चाललंय ना, ते आपल्या घरी येणार.”

“आज?” लेकीने विचारलं.

“आज कसं येईल? मध्ये इंदिरा सागर आहे, ओंकारेश्वर आहे. धरणवाले सोडतील तसं येणार. मंडलेश्वरजवळ जलूदला उचलायचं, घाट चढवायचा, मग इंदूर.”

आमच्या घरी ही कथा दर उन्हाळ्यात होते. होळकरांच्या काळात गंभीर नदीवर बांधलेला यशवंत सागर आणि बिलावली तलाव यांवर शहराची तहान भागेनाशी झाली, १९७० मध्ये इंदूरकरांनी नर्मदेच्या पाण्यासाठी मोठं आंदोलन केलं, आणि १९७८ मध्ये नर्मदा शहरात आली. आंदोलनाच्या वेळी अण्णा कॉलेजात होते. कुठल्याशा मोर्च्यात ते खरोखर चालले होते की फक्त बघत उभे होते, यावर आत्यांचं मत वेगळं आहे. पण जलूदपासून इंदूरपर्यंत पाणी चारशे मीटरहून जास्त वर ढकलावं लागतं, आणि त्याचं विजेचं बिल ऐकलं की माणूस बादली जपून वापरतो, हे मात्र आम्ही सगळ्यांनी मान्य केलेलं आहे.

नर्मदापुरम, बाबई (आता पाटीवर माखननगर), सोहागपूर. पिपरियाला जेवलो. जेवणाविषयी लिहिण्यासारखं काही नाही. मटकुलीला देनवा नदी ओलांडली आणि खरा घाट लागला. तोवर दुतर्फा सागाची झाडं होती, ताटाएवढी पानं, काही किडीने जाळी झालेली. वर जाता जाता साग कमी झाला आणि वेगळीच सरळसोट, चकचकीत पानांची झाडं सुरू झाली. चालकाला विचारलं. “जंगल है,” तो म्हणाला. बरोबरच होतं.

पचमढी हजार मीटरच्या वर आहे आणि छावणीचं गाव असल्यामुळे आखीव, स्वच्छ, जरा कडक शिस्तीचं. दुपार टळताना पोहोचलो. हॉटेलच्या माणसाने गाडीकडे बघून पहिलंच वाक्य टाकलं, “कल ये यहीं खड़ी रहेगी.” बी फॉल, धूपगड, रीछगड, अप्सरा विहार या बाजूला खासगी गाडी सोडत नाहीत, वनविभागाकडे नोंदलेली जिप्सी आणि गाईड घ्यावाच लागतो. ह्यांनी थोडी कुरकुर केली. अण्णा म्हणाले, “जंगल त्यांचं, नियम त्यांचा. तू आपल्या घरात कुणाला चपला घालून येऊ देतोस का?”

रात्री गारठा चांगलाच होता. स्वेटर आणलेले एकट्या आत्यांनीच.

दुसरा दिवस : जिप्सी, गाईड आणि तीन ठिकाणचं पाणी

सकाळी बायसन लॉजसमोर हीऽ गर्दी. उघड्या जिप्स्यांची रांग, परमिटाची खिडकी, वह्या, शिक्के, आणि ‘पाचचे सहा बसतील का’ म्हणून घासाघीस करणारी कुटुंबं. बायसन लॉज ही पचमढीतली जुनी इमारत, कॅप्टन जेम्स फॉरसिथने १८६२ मध्ये बांधलेली. इंग्रजांना हे पठार दाखवणारा म्हणून त्याचं नाव सगळीकडे लावतात. आत छोटं संग्रहालय आहे. परमिट होईपर्यंत ते बघून होतं, त्याहून जास्त वेळ द्यावा असं मला वाटलं नाही.

आमचा गाईड चाळिशीचा, इथल्या कोरकू आदिवासींपैकी, बारीक अंगाचा, खाकी शर्ट. आमचं आपापसातलं बोलणं ऐकून त्याने विचारलं, “नागपुर से?”

“इंदौर से.”

“इंदौर से मराठी?” त्याला हे नवीन होतं. त्याचं काही चुकलं नाही. नागपंचमीच्या सुमाराला नागद्वारीच्या यात्रेला आणि महाशिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ वाहायला विदर्भातून माणसांचा लोंढा येतो. पचमढीच्या लेखी मराठी म्हणजे नागपूर, अमरावती, वर्धा. त्याला ‘चला चला’, ‘सांभाळून’ आणि ‘पाणी आहे का’ एवढं मराठी येत होतं. डोंगरातल्या गाईडला याहून जास्त भाषा लागतही नाही. आत्यांनी मग त्याला इंदूरचं मराठीपण होळकरांपासून सुरू करून रामबागेपर्यंत आणून दाखवलं. तोवर बी फॉल आला.

बी फॉल, म्हणजेच जमुना प्रपात. गाडी थांबते तिथून थोडं चालल्यावर आधी वरचा ओढा लागतो. सपाट खडकावरून घोट्याएवढं पाणी पसरत जातं, लहान मुलं त्यात बसलेली, चणे-मुरमुऱ्यावाले, लिंबूपाणीवाले. इथेच पुष्कळ लोक थांबतात. मुख्य धबधबा खाली आहे आणि तिथे जायला शेकडो पायऱ्या. उतरताना त्या कळत नाहीत.

अण्णांचा गुडघा बघून गाईडने मधल्या एका वळणावर त्यांना बसवलं. तिथून धार समोर दिसते. आम्ही खाली गेलो. वरून मऊ दिसणारी धार जवळ गेल्यावर खांद्यावर थापा मारते. पाणी इतकं गार की पहिल्या क्षणी शब्द फुटत नाही, आणि मग सगळे एकदम ओरडतात. लेक धारेखाली गेली. हेही गेले. मी गुडघ्यापर्यंत, आणि मग कुणीतरी ढकललं म्हणून पूर्ण. एका घोळक्याने खडकावर स्पीकर लावला होता. आमच्या गाईडने जाऊन तो बंद करवला. आवाज न चढवता, नुसतं शेजारी उभं राहून. दोन मिनिटांनी पोरांना स्वतःलाच ओशाळं वाटलं असावं.

वर आलो तर अण्णा आणि एक भुट्टेवाला गप्पांत रंगलेले. भुट्टेवाल्याने सांगितलेली बातमी अण्णांनी आम्हाला दिली: याच ओढ्याचं पाणी पचमढीला प्यायला जातं.

गाईडने मान डोलावली. “हाँ साहब, पूरा गाँव यही पीता है.”

“मे महिन्यात? मई में भी?”

“मई में पतला हो जाता है. बंद नहीं होता.”

झालं. अण्णांना दिवसभराचं काम मिळालं. मे महिन्यात बंद न होणारा धबधबा म्हणजे पाणीपुरवठ्याच्या माणसाला देवदर्शनच. “आमच्या पातालपाण्याला डिसेंबरात काही नसतं,” ते म्हणाले, “मग इथे हे पाणी साठतं कुठे? वर तलाव नाही, बर्फ नाही.”

गाईडने पायरीच्या कडेच्या खडकावर तळहात ठेवला. “इसमें.”

मग जिप्सीत बसल्यावर दोघांनी मिळून आम्हाला शिकवलं. गाईडने त्याच्या पद्धतीने, अण्णांनी त्यांच्या. पचमढीचा खडक वालुकाश्म आहे, वीस कोटी वर्षांहून जुना; वाळूचे कण एकमेकांना चिकटून झालेला. कणांच्या मधे जागा, शिवाय उभ्या-आडव्या भेगा. वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो, इंदूरच्या दुप्पट. त्यातला बराचसा धावून जातो, पण काही खडकात मुरतो आणि वर्षभर झिरपत राहतो. आपल्या माळव्याचा खडक म्हणजे लाव्हाचा, काळा, घट्ट. त्यातही भेगा असतात, पण पातालपाण्याच्या कड्यावर पडलेलं पाणी मुख्यतः वरून वाहून जातं. पाऊस थांबला की धारही थांबते. आणि पाऊस जोरात असला तर तेच पाणी अचानक चढून येतं. २०११ मध्ये पातालपाण्याला मधोमध खडकावर उभं राहिलेलं कुटुंब वाहून गेलं, ते दृश्य इंदूरमध्ये ज्याने पाहिलं तो विसरलेला नाही. आत्यांनी विषय बदलायला लावला.

“और पेड़ भी देखिए,” गाईड म्हणाला. काल चालकाने ‘जंगल है’ म्हणून निकालात काढलेली ती सरळसोट झाडं म्हणजे साल. मध्य भारताच्या पूर्वेकडे सालाची सलग जंगलं आहेत, पण ती इथवर येत नाहीत. पचमढीच्या वालुकाश्मावर सालाचा हा एकटा तुकडा, बाकी साल-वनापासून तुटलेला. खाली लाव्हाच्या खडकावर साग, वर वाळूच्या खडकावर साल. म्हणजे झाडाकडे बघून पायाखाली काय आहे ते सांगता येतं. लेकीने वहीत लिहून घेतलं. मला इतक्या वर्षांत घाटातून जाताना झाडं बदलतात हे दिसलं होतं, पण त्यामागे खडक असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

रीछगड म्हणजे वालुकाश्मात नैसर्गिकरीत्या झालेली प्रचंड घळ-गुहा. एकेकाळी तिथे अस्वल राहायचं, अशी कथा. आत शिरल्यावर घाम जागच्या जागी थांबतो. भिंतींवर तिरपे थर दिसत होते, आणि अण्णांनी त्यावरून बोट फिरवून सांगितलं की ही वाळू नदीनेच आणून टाकलेली. म्हणजे फार जुन्या कुठल्या तरी नदीच्या वाळूत आजच्या नद्यांचं पाणी साठतंय. गाईड हे ऐकून गप्प झाला, मग म्हणाला, “ये मैं अगली पार्टी को बताऊँगा.” अण्णा खूश. दशम्या आणि लसणाची चटणी आम्ही बाहेर सावलीत बसून संपवली. गाईडने दोन दशम्या घेतल्या आणि चटणीचा एक घास. दुसरा घ्यायची हिंमत केली नाही.

इथेच लेकीला शेकरू दिसलं. उंच फांदीवर तपकिरी-लाल, शेपूट खाली सोडलेली. महाराष्ट्राचा राज्यप्राणी मध्य प्रदेशात बघायचा योग. सातपुड्यात ते बरंच आहे. हे वाघ वाघ करत होते, त्यांना गाईडने नम्रपणे सांगितलं की वाघासाठी मढईच्या बाजूने सफारी घ्यावी लागते, इकडे पर्यटकांचा आरडाओरडा ऐकून वाघ आपली वाट बदलतो. इथलं सातपुडा राष्ट्रीय उद्यान १९८१ चं. त्याला लागून बोरीचं जंगल, जे इंग्रजांनी १८६५ मध्येच राखीव केलं होतं. झाडाएवढे वाढणारे नेचेही पचमढीच्या खोल घळींत आहेत, पण ते आजच्या वाटेवर नाहीत, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. ‘सब दिखा देंगे’ म्हणणाऱ्या गाईडपेक्षा असा गाईड केव्हाही बरा.

अप्सरा विहार. गाडीतून उतरून जंगलातून थोडी चाल. छोटा धबधबा आणि त्याखाली उथळ, वाळूच्या तळाचा डोह. इंग्रजांच्या काळात गोऱ्या मडमा इथे आंघोळीला यायच्या, त्यांना दुरून बघून गावकऱ्यांना अप्सरा वाटल्या, ही गोष्ट प्रत्येक गाईड सांगतो. आमच्याने सांगताना चेहरा अगदी कोरा ठेवला. आत्यांनी विचारलं, “आणि मडमांना गावकरी कसले वाटले?” याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

पोहायला हा डोह बी फॉलपेक्षा चांगला. धक्काबुक्की कमी, खोली माफक. कपडे बदलायची सोय मात्र नावापुरतीच, बायकांनी तयारीनेच जावं. आत्या पाय सोडून बसल्या आणि तासभर उठायला तयार होईनात. जिप्सीचा चालक वरून हॉर्न देत होता. त्याच्या यादीत अजून चार ठिकाणं होती, आणि या सहलींची खोड हीच की यादी चालकाच्या हातात असते. मी त्याला सरळ सांगितलं, पांडव गुहा काढून टाक, आम्ही इथे बसतो. तो खट्टू झाला. त्याच्या हिशेबाने ‘पॉइंट’ कमी झाला म्हणजे आमचंच नुकसान.

पण त्या बसण्यात एक गोष्ट ऐकायला मिळाली. गाईडने समोरच्या डोंगराकडे हात करून भभूतसिंगांचं नाव घेतलं. हर्राकोटचे कोरकू जहागीरदार. १८५८ मध्ये तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात शिरले तेव्हा त्यांना साथ देणारे, आणि नंतरही इंग्रजांना या डोंगरांत झुंजवत ठेवणारे. तात्या टोपे म्हटल्यावर अण्णा ताठ बसले. आम्हाला शाळेत तात्या शिकवले, शिवपुरीचा फास शिकवला. मधल्या या जंगलाचा आणि कोरकूंचा उल्लेख मला आठवत नाही. गाईडला ते सगळं तोंडपाठ होतं. त्याने फॉरसिथचं नाव दिवसात एकदा घेतलं, भभूतसिंगांचं चार वेळा.

रजत प्रपात तिथून जवळच, चढाची दगडी वाट. ज्या प्रवाहात आत्या पाय सोडून बसल्या होत्या तोच पुढे जाऊन कड्यावरून स्वतःला झोकून देतो. सुमारे १०७ मीटर, एकच धार. आपण वरच्या बाजूला कठड्याला धरून उभे राहतो, समोर दरी, आणि पाणी खाली पोहोचण्याआधीच अर्धं हवेत विरतं. ऊन मागून येत होतं, त्यामुळे धार खरोखरच चांदीची दिसत होती. नावं ठेवणाऱ्याने इथे फार डोकं चालवलेलं नाही. दुपारी उशिरा गर्दी ओसरली होती.

इथे अण्णांनी विचारलं, “आगे कहाँ जाता है ये पानी?”

“देनवा में.”

“सारा?”

“पचमढ़ी का सारा पानी देनवा में ही जाता है साहब. देनवा पूरे पहाड़ को घेर के चलती है.”

“और देनवा?”

“तवा डैम.”

“और तवा?”

इथे गाईड थांबला. “नर्मदाजी में. फिर भगवान जाने.”

“भगवानला कशाला त्रास,” अण्णा मराठीत म्हणाले, आणि मग हिंदीत, कठड्याला टेकून, बांद्राभानचा संगम, नेमावर, पुनासा, ओंकारेश्वर, मंडलेश्वर आणि जलूदपर्यंत सगळी नदी त्यांनी त्याला उतरवून दाखवली. वरचं त्याला माहीत होतं, खालचं यांना. पंपांची क्षमता, घाटातली पाइपलाइन, टाक्या. गाईडला कंटाळा येईल असं मला वाटलं, पण तो मन लावून ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, “तो आप लोग हमारा पानी पीते हैं?”

“थोडासा. चमच्याभर,” अण्णा म्हणाले. “बाकी वाटेत गहू पितो.”

धूपगडला सूर्यास्ताला पोहोचायचं म्हणून चालकाने मग गाडी अशी हाणली की आत्यांनी रामरक्षा सुरू केली. धूपगड १,३५२ मीटर, सातपुड्याचं आणि मध्य प्रदेशाचंही सगळ्यात उंच शिखर. वर जत्रा. शेकडो माणसं मोबाइल उंचावून सूर्याकडे बघत होती आणि तो बुडाला तेव्हा टाळ्या पडल्या. मला सूर्यापेक्षा डोंगरांच्या एकामागे एक फिकट होत गेलेल्या रांगा आवडल्या. बाकी, धूपगड सगळ्यांनी इतकं लिहिलंय की मी थांबते.

गाईडला निरोप देताना ह्यांनी ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले आणि आत्यांनी जिरावनची उरलेली पुडी. पोह्यावर घालायची, हे त्याला दोनदा समजावून सांगितलं.

तिसरा दिवस : देनवाच्या मागे मागे

पहाटे आत्यांसाठी जटाशंकर. पायऱ्या उतरून दोन प्रचंड खडकांच्या कुशीत गुहा, आत छतातून ठिबकणाऱ्या पाण्याने घडलेली नैसर्गिक शिवलिंगं. माकडांपासून प्रसाद वाचवणं हे इथलं मुख्य कर्मकांड. जंबूद्वीप नावाचा ओढा इथूनच निघतो. कालच्या पाठानंतर आत्यांना शंकराच्या जटा आणि अण्णांना वालुकाश्माच्या भेगा एकाच ठिकाणी दिसत होत्या, आणि दोघांचंही समाधान झालं होतं. असं आमच्या घरी क्वचित घडतं.

घाट उतरताना चालकाला देनवाच्या पुलाजवळ गाडी थांबवायला लावली. परवा याच पुलावरून आम्ही खाली न बघता गेलो होतो. पात्र रुंद, मोठे गोटे, मधून निळसर पाणी. लेकीने खाली जाऊन हात बुडवला आणि म्हणाली, “कालच्यापेक्षा कोमट आहे.” बी फॉलचा गारवा डोंगराच्या पोटातला, पायथ्याशी येईपर्यंत उन्हाने तो काढून घेतलेला.

सरळ इंदूर गाठायचं ठरलं होतं. पण अण्णांनी गाडीत नकाशा उघडला तेव्हाच मी समजले. सोहागपूरच्या पुढे आडवळण घेऊन तवानगर. चालकाने पहिल्यांदाच स्वतःहून तोंड उघडलं: “वहाँ क्या है?” तेरा दरवाजे आहेत, अण्णा म्हणाले.

तवा धरणाचे तेराही दरवाजे बंद होते. पावसाळा सरला की ते उघडायचं कारण उरत नाही. भिंतीच्या एका बाजूला पाणीच पाणी, पलीकडचा सातपुडा धुरकट निळा, आणि दुसऱ्या बाजूला तवा नदीचं कोरडंसं रेताड पात्र. धबधब्यांसारखं इथे काही सुंदर नाही. पेढे नाहीत, फोटो काढायला ‘पॉइंट’ नाही, चहाची एक टपरी. हे पाच मिनिटांत गाडीत जाऊन बसले. मी मात्र थांबले, कारण काल धारेखाली खांदे शेकून घेताना जे पाणी अंगावरून गेलं ते कुठे जमा होतं हे बघायला मिळत होतं. देनवा इथेच येऊन जलाशयात मिसळते.

आणि इथून बहुतेक पाणी कालव्याने नर्मदापुरम आणि हरद्याच्या शेतांत जातं. अण्णांचा ‘गहू’ तो हाच, आणि आता उन्हाळी मूगही. नदीत सोडलेलं, कालव्यातून पाझरून परत आलेलं, पावसाळ्यात दरवाज्यांवरून उसळलेलं, ते बांद्राभानला नर्मदेला मिळतं. पचमढीच्या कड्यावरून पडलेल्या पाण्यातलं नक्की किती इंदूरच्या नळाला येतं, असं लेकीने विचारलं. अण्णांनी टपरीच्या बाकावर बसून गणित करायचा प्रयत्न केला, बाष्पीभवनापाशी अडकले, आणि ‘चमच्याभर’वरच ठाम राहिले.

नर्मदापुरमला सेठाणी घाटावर आत्यांनी कमंडलू भरून घेतला. अण्णांनी आठवण करून दिली की हेच पाणी त्यांच्या घरी नळाला एक दिवसाआड येतं, तेही शुद्ध करून. आत्या म्हणाल्या, “ते तुझं सरकारी. हे माझं.” पुढे भोपाळच्या बायपासला ट्रकची रांग लागली होती, त्यात तास गेला. डोडीला जेवलो. इंदूरला पोहोचेतो रात्रीचे अकरा वाजून गेले.

कुणाला जायचं असेल तर दोन-तीन गोष्टी. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, पाणी असतं आणि वाट निसरडी नसते. ऐन पावसात धबधबे जास्त दांडगे असतात, पण पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि बऱ्याच वेळा धुक्यात समोरचा कडाही दिसत नाही. जिप्सीचं परमिट सकाळी लवकर जाऊन घ्या, सुट्टीच्या दिवसांत खिडकीवर उशीर म्हणजे अर्धा दिवस गेला. एका दिवसात सगळं बसवू नका, चालकाच्या यादीतली दोन नावं निर्दयपणे खोडा. पण रजत प्रपात खोडू नका. गुडघे दुखणाऱ्यांना बी फॉलच्या मधल्या वळणावर बसवलं तरी त्यांचं काही हुकत नाही. गाईडला प्रश्न विचारा, नाही तर तो फक्त अप्सरांची गोष्ट सांगून थांबतो. आणि बी फॉलचं लिंबूपाणी खाली उतरताना घेऊ नका, वर येताना घ्या. खरी गरज तेव्हाच असते.